माझ्या समासातल्या फुल्या

वही आहे मी. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, पाठीला निळं कापड. शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत, तेही अर्धं. तरीही इंग्रजीतले सहाशे अवघड शब्द मला अर्थासकट येतात. विश्वास बसत नसेल तर नका ठेवू, मी प्रमाणपत्र मागायला आलेले नाही. माझ्या समासात दोऱ्यानं शिवलेल्या फुल्या आहेत, आणि बघणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय? तेच एकदा सांगून टाकते, म्हणजे परत परत विचारायला नको.

माझा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. तिथे बायका ओळीनं बसायच्या आणि घडी घातलेले कागद मधोमध सुईनं शिवायच्या. म्हणजे जन्माला आले तीच सुई टोचून घेत. तेव्हा वाटलं, झालं एकदाचं, आता कोणी टोचणार नाही. किती भाबडी होते.

माझी पहिली मालकीण दहा वर्षांची होती, चौथीत. पहिल्या पानावर तिनं समास आखला, पट्टी न घेता, आणि तो सरळ आला. तिचे डोळे तसेच होते, ओळ सुटायची नाही. सतरा पानं तिनं शुद्धलेखनानं भरली. अठराव्या पानावर बाई सांगत होत्या आणि ती लिहीत होती, "तळ्याच्या काठावर एक बगळा उभा होता आणि तो". एवढं लिहिलं आणि तिचे काका वर्गाच्या दारात आले. घरी आई अंथरुणाला खिळलेली, धाकटी दोन भावंडं रडत होती. मुलीनं माझ्यात पेन्सिल तशीच ठेवून मला मिटलं. बाईंना म्हणाली, "उद्या येते."

तो उद्या आलाच नाही. मी ट्रंकेत गेले, गोधडीखाली. मालकिणीचं लग्न झालं तेव्हा ट्रंक तिच्याबरोबर गेली. ट्रंकेबरोबर मी, माझ्याबरोबर पेन्सिल, आणि अठराव्या पानावर तो बगळा, एका पायावर. तिला मुलगी झाली. नवरा भला होता पण लवकर गेला. ती शर्ट शिवायच्या वर्कशॉपमध्ये बटणं लावायला लागली. हे सगळं मला वरून, ट्रंकेच्या झाकणातून ऐकू यायचं. माणसांना वाटतं वस्तू ठेवून दिली की झोपते. झोपत नाही. ठेवून दिलेल्या वस्तूला ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं.

मुलगी मोठी झाली, पदवी घेतली, आणि एक दिवस म्हणाली, "आई, मला एक जाड वही आणायचीय."

"आणायची कशाला? ट्रंकेत आहे एक. माझी सतरा पानं सोड, बाकीची तुझी."

मुलीनं मला उलटं केलं आणि शेवटच्या पानापासून लिहायला सुरुवात केली. आईची पानं एका टोकाला, मुलीची दुसऱ्या टोकाला, एकमेकींच्या मानानं डोकं खाली पाय वर. घरातही फारसं वेगळं नव्हतं.

मुलीला भाषांतर खात्यात नोकरी हवी होती. त्याची परीक्षा दोन भागांत असते. लेखी तिला जड नव्हती. तोंडीला तीन माणसं समोर बसतात, एकेक अवघड इंग्रजी शब्द देतात, अर्थ विचारतात आणि त्यावर वाक्य करायला सांगतात. ही परीक्षा तीनदाच देता येते. तिसऱ्यांदा हुकली की त्या खात्याचं दार कायमचं बंद.

तिनं एक जुनी डिक्शनरी मिळवली, उशीसारखी जाड. त्यातले शब्द, अर्थ आणि उदाहरणाची वाक्यं ती माझ्यात उतरवायची आणि मोठ्यानं वाचायची. आई समोर बसून, घरी आणलेल्या शर्टांना बटणं लावत ऐकायची. एका शर्टाला अकरा बटणं, त्यातलं एक जादा, आतल्या शिवणीला.

एका संध्याकाळी मुलीनं वाचलं, "रिलक्टंट. म्हणजे एखादी गोष्ट करायला मन तयार नसलेला. उदाहरण, तो घर विकायला रिलक्टंट होता."

आईनं बटण लावून दोरा तोडला. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या, पिशवी खाली ठेवता ठेवता तिनं विचारलं, "मग विकलं का त्यानं?"

"कुणी काय विकलं?"

"घर गं. कालचा तो, मन तयार नव्हतं ज्याचं."

मुलीला आधी कळेना. कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "आई, तसा कुणी माणूसच नाहीये. उदाहरण आहे ते."

"उदाहरण म्हणजे खोटं?"

"खोटं नाही गं. शब्द कसा वापरायचा ते दाखवायला बनवलेलं."

"म्हणजे खोटंच. एवढं दगडासारखं पुस्तक आणि त्यात एक माणूस खरं बोलत नाही?"

मुलीला वाटलं, आई शिकलेली नाही म्हणून असं विचारते. मला तसं वाटलं नाही. जिचं शाळेतलं शेवटचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, ती दुसऱ्याच्या वाक्यात पुढे काय झालं ते विचारणारच.

पहिल्या वेळी मुलगी तोंडीत घाबरून गेली. ते एकवेळ समजण्यासारखं आहे. दुसऱ्या वेळी मात्र तयारी घोटून झाली होती. तिला शब्द मिळाला मॅग्नॅनिमस, म्हणजे मोठ्या मनाचा. तिनं खाडकन वाक्य टाकलं, "राजा आपल्या शत्रूंशी मॅग्नॅनिमस वागला." तिघांपैकी एक चष्मेवाला गृहस्थ होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "कुठला राजा?"

"म्हणजे, कुठलाही."

"शत्रूंनी काय केलं होतं?"

तिथून पुढे तिची जीभ सैल झालीच नाही. घरी येऊन रडली आणि म्हणाली, मुद्दाम पाडलं मला. आईनं दोन घोट पाणी पाजलं आणि म्हणाली, "बरोबर विचारलं त्यानं. मी पण हेच विचारलं असतं."

त्या दिवशी घरात नियम झाला. रोज तीन शब्द. आधी शब्द इंग्रजीत, खाली त्याचा उच्चार आपल्या अक्षरांत, म्हणजे आईला वाचता येईल. मग अर्थ. मग वाक्य, इंग्रजीत आणि खाली आपल्या भाषेत. वाक्य या घरातलं, या आठवड्यातलं आणि खरं पाहिजे. खरं आहे की नाही ते आई ठरवणार. खरं असलं तर ती हातातल्या सुईनं माझ्या समासात दोऱ्याची एक फुली घालणार. शाळेत फुली म्हणजे चूक. आमच्याकडे उलटं होतं. आई म्हणाली, "पेन्सिलीची खूण पुसता येते. टाका उसवायचा तर निशाणी राहते."

डिक्शनरीतून उतरवलेल्या माझ्या चाळीस पानांवर एकही फुली नाही. पुढची पानं बघा. फ्रूगल, काटकसरी: "आमचं घर फ्रूगल आहे, साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवतात." फुली. एक्झॅस्परेटेड, वैतागलेला: "वरच्या मजल्यावरचे आजोबा खुर्ची ओढतात आणि आई एक्झॅस्परेटेड होते." फुली. टिरॅनिकल, जुलमी: "वर्कशॉपचे मास्तर पंख्याचं बटण स्वतःच्या खिशात असल्यासारखे टिरॅनिकल वागतात." फुली, जरा हसत घातलेली. ऑब्स्टिनेट, हट्टी: "माझी आई ऑब्स्टिनेट आहे." मुलीनं हे वाचलं आणि अंग चोरून बसली. आई थोडा वेळ टाका घालत राहिली. मग म्हणाली, "खरं आहे. आण इकडे."

काही वाक्यं परत जायची. मुलीनं एकदा सिरीन, म्हणजे शांत, या शब्दावर लिहिलं की आमची सकाळ सिरीन असते. आई म्हणाली, "कुणाची सकाळ? पाणी भरताना माझं तोंड ऐकलंस का कधी? खोड ते."

दुसऱ्या दिवशी आई मला हातात घेऊन कालचे शब्द विचारायची, आपल्या अक्षरांतला उच्चार वाचून. मुलीनं अर्थ आणि वाक्य सांगायचं. असं करता करता आईलाही सगळं पाठ झालं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या डोक्यात काय साठतंय याची नोंद घरात कोण ठेवतं?

आता जे सांगायचं ते मला अवघड जातंय, कारण त्यात मीही सामील आहे.

तिसऱ्या परीक्षेला पाच महिने राहिले होते. आई मुलीला म्हणाली, "सकाळी मला दहा सुया ओवून देत जा, वर्कशॉपमध्ये वेळ वाचतो." मुलीनं दिल्या. मग दहाच्या वीस झाल्या. मला मात्र सुई कळते. आधीच्या फुल्या समासात एकाखाली एक उभ्या होत्या, मोजून मापून. आता त्या सरकायला लागल्या. एखादी समासाबाहेर, एखादी अक्षराच्या पोटात. शब्द विचारताना आई मला तोंडासमोर धरायची, पण तिची नजर माझ्यावर ठरत नव्हती. ती मनातून बोलत होती. एकदा तर तिनं मला उलटं धरलं आणि तिन्ही शब्द बरोबर विचारले.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. चष्म्याच्या दुकानात तिला चिठ्ठी दिली होती, चष्म्यानं भागणार नाही, दवाखान्यात जा, ऑपरेशन करा. ऑपरेशन म्हणजे घरी पडून राहणं, दर दोन तासांनी थेंब, मुलीचा अभ्यास बंद. शिवाय मास्तर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "डोळे नसलेल्यानं बटणाला हात लावू नये." म्हणून आईनं चिठ्ठीची घडी केली आणि माझ्यातच ठेवली, अठराव्या पानावर, बगळ्याशेजारी. मुलगी त्या टोकाला कधी जात नव्हती. मी गप्प राहिले. वही दुसरं करणार काय? पण जिच्या समासात खऱ्याच्या फुल्या, तिच्याच पोटात हे लपवलेलं. मला ते टोचत होतं, सुईपेक्षा जास्त.

परीक्षेला नऊ दिवस होते. मुलीनं संध्याकाळी मला उघडलं आणि पान उलटेना. ओढलं, तरी नाही. आदल्या दिवशी आईनं फुल्या घालताना दोन पानं एकत्र शिवून टाकली होती, तीन ठिकाणी.

मुलीनं ओढाताण थांबवली. तिनं मला मांडीवर घेतलं आणि मागची पानं एकेक करून बघितली. सरळ फुल्या, मग सरकलेल्या, मग भरकटलेल्या, मग शिवून बंद झालेलं पान. आई शर्ट घेऊन बसलीच होती.

"चल, आजचे शब्द," आई म्हणाली.

"आज एकच आहे. कन्सील."

"अर्थ?"

"लपवणं. मुद्दाम."

"वाक्य?"

"माझी आई माझ्यापासून काहीतरी कन्सील करतेय."

वरच्या मजल्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आज आई वैतागली नाही.

"कशावरून म्हणतेस?"

"ते विचारायचं नाही. खरं की खोटं तेवढंच सांगायचं. नियम तुझा आहे."

आईनं हात पुढे केला. मुलीनं मला तिच्या मांडीवर ठेवलं. ओवलेल्या सुईचं टोक माझ्या पानावर फिरत राहिलं, इथे टेकलं, तिथे टेकलं, एकदा तिच्याच बोटात गेलं. माझ्यावर रक्ताचा बारीक ठिपका आहे तो तिथलाच. शेवटी आईनं सुई थांबवली.

"समास कुठंय? बोट ठेव."

मुलीनं बोट ठेवलं. आईनं त्या बोटाला चिकटून फुली घातली. माझ्यातली सगळ्यात वाकडी फुली ती आहे आणि सगळ्यात खरीही तीच.

मग आईनं माझ्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं, मुलीनं मला सुलटं केलं, आईच्या बाजूनं चाळलं, आणि चिठ्ठी खाली पडली.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. मी पिशवीत होते. डॉक्टरीणबाईंनी आईच्या डोळ्यांत उजेड मारला, थेंब टाकले, परत उजेड मारला. डावा डोळा वाईट होता. मोतीबिंदू पिकून फुगलाय, आत दाब वाढतोय, आठ-दहा दिवसांत केलं नाही तर डोळा हाती लागेल असं सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग शेजारच्या डॉक्टरांकडे वळून इंग्रजीत बोलल्या, अशी माणसं फार निग्लिजंट असतात.

"निग्लिजंट म्हणजे हलगर्जी," आई खुर्चीतून म्हणाली. "मी ती नाही. मी डिलिबरेट. जाणूनबुजून."

डॉक्टरीणबाईंच्या हातातली बॅटरी तशीच पेटलेली राहिली. "तुम्ही काय करता?"

"बटणं लावते. तारीख सांगा."

तारीख मिळाली गुरुवारची, सकाळी आठ. त्यानंतरची तीन आठवड्यांनी. आणि तोंडी परीक्षा होती त्याच गुरुवारी, अकराला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, सोबत एक माणूस दिवसभर हवा.

बाहेरच्या बाकावर दोघींचं जुंपलं.

"मी तोंडीला जात नाही," मुलगी म्हणाली.

"मग मी आत जात नाही. बसू दोघी घरी. तू आंधळ्या आईला सांभाळ, मी नापास मुलीला सांभाळते."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कोण करतंय? तिसरी खेप आहे तुझी. चौथी नाही."

"आणि तुला तिसरा डोळा आहे का? सोबत माणूस पाहिजे म्हणून लिहिलंय. कुणाला आणशील?"

आईनं मनातल्या मनात माणसं मोजली. बहीण नाही, जाऊ नाही, भाऊ दोन, पण दोघंही लांब. अख्ख्या शहरात तिला रोज भेटणारा एकच माणूस होता, आणि डोळ्याचं त्याच्यापासूनच लपवायचं होतं. मला वाटतं, डोळा गेला असता तरी चाललं असतं, पण मास्तरांपुढे हे बोलायला नको, असं तिला क्षणभर वाटलं असेल. पण मुलीकडे बघून म्हणाली, "आणते माणूस. तू जा अभ्यासाला."

दुसऱ्या सकाळी तिनं मला वर्कशॉपमध्ये नेलं. साठी ओलांडलेले मास्तर गळ्यात टेप टाकून कापड कापत होते. आईनं मला त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं आणि म्हणाली, "मास्तर, ह्या फुल्या बघा. आधीच्या बघा, मग शेवटच्या बघा. माझे डोळे गेलेत. तुम्हाला सांगितलं नाही. आता कामावरून काढायचं तर काढा, पण गुरुवारचा दिवस माझ्याबरोबर दवाखान्यात बसा. मुलीची परीक्षा आहे."

सगळं एका दमात बोलली. मास्तरांनी कात्री ठेवली, मला उचललं, डोळ्यांजवळ नेलं.

"ह्या होय? तुझी बटणं याहून वाईट आहेत."

आई बघतच राहिली.

"सहा महिने झाले. संध्याकाळी तू गेलीस की मी उसवतो आणि परत लावतो. परवा एका शर्टाचं बटण तू काजावरच शिवलं होतंस. गिऱ्हाईकानं काय बंद करून ठेवायचा होता का तो शर्ट?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत होतो की. रोज शिव्या देत होतो."

"त्या नेहमीच्या होत्या."

"मग वेगळ्या दिल्या असत्या तर तुला कळलं असतं." मास्तर परत कात्री शोधायला लागले. ती त्यांच्या हाताखालीच होती. "किती वाजता गुरुवारी?"

गुरुवारी मुलीनं मला बरोबर नेलं नाही. तिथे वही आत नेऊ देत नाहीत, आणि आईजवळ कुणीतरी राहू दे, असं म्हणाली. आईनं तिला दारात एवढंच सांगितलं, "बनवून बोलू नकोस. येत नसलं तर येत नाही म्हण."

आई आत गेली. मास्तर मला मांडीवर घेऊन बाकावर बसले. त्यांना इंग्रजी येत नाही, खालचं आपल्या भाषेतलं येतं. त्यांनी मला पहिल्यापासून वाचलं, ओठ हलवत. पंख्याच्या बटणाचं वाक्य आलं तेव्हा थांबले. "हे खोटं आहे," असं पुटपुटले. मग समासातली फुली बघितली. घसा खाकरून पान उलटलं.

मुलगी चारला आली. आई कॉटवर उशीला टेकून बसली होती, डाव्या डोळ्यावर पट्टी. मास्तर शेजारी स्टुलावर.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"तुझं काय झालं ते आधी सांग."

"माझं झालं. लोंबकळत ठेवू नकोस, बोल."

मुलगी कॉटच्या कडेला बसली. "पहिलाच शब्द आला नाही मला. पर्स्पिकेशस. कधी ऐकलाच नव्हता. मी म्हटलं, हा शब्द मला माहीत नाही."

"मग?"

"तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं. मग दुसरा शब्द दिला, ऑब्स्टिनेट."

आई जरा सरळ झाली.

"मी म्हटलं, माझी आई ऑब्स्टिनेट आहे. आज तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि तिनं मला इथे पाठवलंय. तोच चष्मेवाला होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, कुठला डोळा?"

"तू काय म्हणालीस?"

"डावा म्हटलं. मग त्यानं विचारलं सोबत कोण आहे, काय काम करतात त्या, दिसायचं कधीपासून कमी झालं. मी सांगत गेले. अर्धा तास इंग्रजीत बोलत होते आई. थांबले नाही कुठे. वाक्यं आठवावी लागली नाहीत."

आईनं उजवा डोळा मिटला. मास्तर म्हणाले, "आणि तो न आलेला शब्द? त्याचा अर्थ काय?"

"बाहेर येऊन बघितला. बारीक नजरेचा. न सांगता ओळखणारा." मुलीनं माझ्यात तो शब्द लिहिला, तिथेच कॉटवर, आणि वाक्यही लिहिलं: "मास्तर पर्स्पिकेशस आहेत." मोठ्यानं वाचलं. मास्तर उठले आणि चहा बघतो म्हणून बाहेर गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी पट्टी सुटली. पाच आठवड्यांनी यादी लागली. मुलीचं नाव खालून तिसरं होतं. आई म्हणाली, "खालून असलं तरी यादीच्या आत आहे ना? मग झालं." सोमवारपासून मुलगी कामाला जायला लागली. तिथे दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं असतात आणि तिला कुणी खरं-खोटं विचारत नाही. ती म्हणते, सुरुवातीला हात आपोआप समासाकडे जायचा.

आईचा उजवा डोळा पुढच्या महिन्यात करायचा आहे. डावा मात्र लख्ख झालाय. मास्तर आता तिला खऱ्या शिव्या देतात, कारण परत लावायला बटणं उरलेली नाहीत आणि त्यांना संध्याकाळी करमत नाही.

गेल्या रविवारी आईनं मला सुलटं घेतलं, म्हणजे तिच्या बाजूनं. सतरा पानं सावकाश वाचली. अठराव्या पानावर आली. माझ्यात ती जुनी पेन्सिल अजून होती, तिचा व्रण पानावर पडलाय. आई पेन्सिल घेऊन बसली.

"काय लिहितेस?" मुलीनं विचारलं.

"गप्प बस जरा."

तिनं छत्तीस वर्षांपूर्वीच्या अक्षरापुढे आताचं अक्षर जोडलं आणि वाचून दाखवलं. "तळ्याच्या काठावर एक बगळा उभा होता आणि तो पुढे उडाला की तिथेच राहिला ते मला माहीत नाही, कारण मला घरी बोलावलं." मग मान वर करून म्हणाली, "चालेल का?"

मुलगी थोडा वेळ पानाकडे बघत होती. "या आठवड्यातलं नाहीये."

"लांबला माझा आठवडा."

"खरं आहे," मुलगी म्हणाली. "घाल फुली."

आईनं सुई उजेडात धरली आणि दोरा ओवला, स्वतः, पहिल्या झटक्यात. मग लहानपणी आखलेल्या त्या सरळ समासात एक फुली घातली, मधोमध. मला सुई लागली, पण ह्या खेपेला मी तक्रार केली नाही.

आता माझ्यात अकरा पानं कोरी आहेत, आईच्या आणि मुलीच्या पानांच्या मध्ये. त्यांचं काय करायचं ते त्या दोघी बघतील. तुम्हाला एवढंच सांगते, घरात कुठे अर्धी सोडलेली वही असेल तर बाहेर काढा, आणि जिनं ती सोडली तिच्याच हातात द्या. काय लिहायचं ते तिला सांगू नका. तिला माहीत असतं. आणि माहीत नसलं तर ती तेवढंच लिहील, आणि तेही चालतं.

आईनं दोरा दातानं तोडला. मिटतेय मी आता.